थंडीत गाडी किकला दाद देत नाही? कार्बोरेटर खोलण्याआधी हे बघा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमची गाडी यात बसते की नाही ते लगेच कळेल.

सकाळी पहिल्या किकांना काहीच होत नाही. चोक ओढून दहा-पंधरा किका मारल्या की एकदा फुरफुरते आणि बंद पडते. कशीबशी चालू झाली तरी चोक सोडला की मरते, म्हणून माणूस चोक तसाच ठेवून दोन-तीन किलोमीटर रेटतो. रेस दिली की क्षणभर गुदमरते, मग उचलते. मागून काळपट धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो. प्लग काढला तर काजळीने भरलेला, नाहीतर ओला. अ‍ॅव्हरेज साठवरून पंचेचाळीसवर आलेलं. आणि दुपारी हीच गाडी एका किकमध्ये चालू!

दुपारीही तोच त्रास असेल तर प्रकरण वेगळं असण्याची शक्यता जास्त. त्याचं शेवटी बघू.

माझं निफाड तालुक्यात दुचाकींचं गॅरेज आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात झळकायला लागला आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटल्या, की ही तक्रार रोजची. दूधवाले, पेपरवाले, पहाटे मोटार चालू करायला मळ्यात जाणारे. गाड्या शंभर ते सव्वाशे सीसीच्या, कार्बोरेटरवाल्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं मानक लागू झालं आणि नव्या दुचाकी बहुतेक फ्युएल इंजेक्शनवर गेल्या, पण खेड्यातल्या दारात उभी असलेली गाडी अजून जुनीच आहे. खालचं सगळं तिच्यासाठी.

थंडीत नेमकं काय बिघडतं

पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. कार्बोरेटर हवेच्या झोतात पेट्रोलचे बारीक तुषार सोडतो. त्यांची वाफ व्हायचं काम पुढे इनलेटच्या नळीत आणि सिलिंडरमध्ये होतं. इंजिन गरम असलं तर ते आपोआप होतं. थंड असलं तर तुषार नळीच्या भिंतीला चिकटून ओघळतात आणि प्लगजवळ पोचते ती निम्मीअर्धी वाफ.

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. त्यातला हलका भाग पस्तीसेक अंशांपासून उकळायला लागतो, जड भाग दोनशेच्या आसपास. थंडीत उडतो तो फक्त हलका भाग. म्हणून चोक द्यायचा: पेट्रोलच जास्त सोडायचं, म्हणजे त्यातला उडणारा हिस्सा तरी पेट घेण्यापुरता होईल.

ज्यांच्याकडे पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचं पंपाचं इंजिन होतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. रॉकेल थंड इंजिनात उडतच नाही. आधी पेट्रोलवर चालवून इंजिन तापवायचं, मग कॉक फिरवायचा. आणि बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत, जिथे इंधन साठतं तिथे, रॉकेल राहतं आणि दोरी ओढून खांदा निखळतो.

त्यात आता इथेनॉल आलं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते वीस टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या जवळजवळ अडीचपट उष्णता लागते, म्हणजे इनलेट आणखी गार पडतं. शिवाय शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून हे सांभाळून घेते. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो. म्हणजे जुनी गाडी आज मुळातच थोडी लीन, पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी चालते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बिनपैशाच्या तपासण्या

पहिली तपासणी गाडीची नाही, आपली. चोक पूर्ण द्या आणि ॲक्सिलेटर पिळू नका. या गाड्यांच्या कार्बोरेटरला पिळल्यावर पेट्रोलची पिचकारी मारणारा पंप नसतो, तेव्हा बंद गाडीत पाच वेळा पिळून काहीच मिळत नाही. उलट किक मारताना स्लाईड (कार्बोरेटरमधली हवेची वाट उघडणारी सरकती झडप) उघडी राहिली तर ओढ कमी होते आणि स्लो जेटमधून, म्हणजे इंजिन संथ असताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून, पेट्रोल वर येत नाही. स्विच बंद ठेवून दोन-तीन किका, मग स्विच चालू करून किक. सुरू झाली की अर्धा मिनिट थांबा, चोक हळूहळू कमी करा, आणि पहिलं किलोमीटर सावकाश चला. उभ्या गाडीला दहा मिनिटं गुरगुरवत ठेवण्यापेक्षा चालत्या गाडीचं इंजिन लवकर तापतं. बंद पत्र्याच्या शेडमध्ये तर अजिबात चालू ठेवू नका, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मग चोक खरंच लागतो का ते बघा. एअर फिल्टरकडची नळी काढून आत डोकवा आणि दांडी फिरवा. पट्टी पूर्ण आडवी यायला हवी आणि सोडल्यावर पूर्ण उभी. दांडी फिरते पण पट्टी अर्धीच येते, हे मी दर हिवाळ्यात बघतो. केबलचा चोक असेल तर केबलला ढिलाई आहे का ते बघा. उलटही होतं: चोक पुरता सुटतच नाही आणि गाडी दिवसभर पेट्रोल पिते.

किका मारून मारून पेट्रोलचा भपकारा यायला लागला असेल तर इंजिन भिजलंय. चोक बंद करा, पेट्रोल कॉक बंद करा, ॲक्सिलेटर पूर्ण उघडा आणि आठ-दहा किका मारा. प्लग काढून मारणार असाल तर स्विच बंद ठेवा आणि प्लगची टोपी भोकापासून लांब धरा. भोकातून पेट्रोलचे तुषार बाहेर येतात, आणि तिथे ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको.

तिसरी गोष्ट पेट्रोल. गाडी महिना-दोन महिने उभी होती का? मग वाटीतल्या पेट्रोलचा हलका भाग उडून गेलाय, आणि थंडीत चालू करणारा नेमका तोच भाग असतो. वाटीच्या बुडाचा ड्रेन स्क्रू सोडा आणि पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. प्लॅस्टिकच्या डब्यात काही दिसत नाही, बाटली काचेचीच हवी. उजेडात धरा. तळाशी वेगळा थर किंवा घरंगळणारे थेंब दिसले तर ते पाणी. इथेनॉल ओल ओढून घेतं, आणि ओल मर्यादेबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. मग टाकीही रिकामी करून पुसावी लागते, नुसती वाटी काढून भागत नाही.

भेसळीची शंका असेल तर पंपावरच फिल्टर पेपर मागा. तो ठेवणं आणि मागितल्यावर देणं पंपाला बंधनकारक आहे. नोझल पुसून एक थेंब टाका. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, डाग राहत नाही. तेलकट डाग राहिला तर त्यात न उडणारं काहीतरी आहे. वाफ नीट होते की नाही याची याहून स्वस्त परीक्षा नाही.

शंभर-दोनशे रुपयांच्या तपासण्या

प्लग. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात.

काळा, कोरडी काजळी असलेला प्लग म्हणजे रिच, पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे लीन. फिकट तांबूस-तपकिरी म्हणजे बरोबर. हे सगळ्यांना पाठ असतं. पण हा रंग कधी बघायचा? चोक देऊन अडखळत आलेल्या गाडीचा प्लग काळाच असणार. तो चोकचा रंग आहे, गाडीचा नाही. आधी प्लग ब्रशने साफ करा, गाडी तापवा, चोक बंद करून पाच-सात किलोमीटर नेहमीच्या वेगाने जा, मग काढून बघा.

एक दूधवाले आबा गेल्या हिवाळ्यात आले. दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले, हाताला गोणपाट गुंडाळलेलं. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. दोन्हीकडे प्लग काळा बघून हवेचा स्क्रू फिरवला होता, म्हणजे पेट्रोल आणखी कमी केलं होतं. आबांनी काय केलं? चोक जास्त वेळ ठेवायला लागले. प्लग आणखी काळा. आबा म्हणाले, "दादा, आता कार्बोरेटरच नवा टाका, पैशाचं बघू." मी म्हटलं, "आबा, आधी गाडी रात्रभर इथंच राहू द्या."

सकाळी चालू केली आणि कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरी जोडावर फवाऱ्याने पाणी मारलं. इंजिनाचा आवाज तिथल्या तिथे बदलला. बोट खालून फिरवल्यावर रबराची चीर नखाला लागली. वरून रबर अगदी धड दिसत होतं. त्या चिरेतून चोरटी हवा आत जात होती, थंडीत रबर आखडल्यावर जास्तच. म्हणजे गाडी रिच नव्हतीच, उपाशी होती. चोकने ती उपास सोडत होती आणि सगळे तिला खादाड समजत होते.

तेव्हा काळा प्लग बघून लगेच मिक्श्चरमधलं पेट्रोल कमी करू नका. आधी चोरटी हवा शोधा. गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता जागेवर चालू ठेवून रबर, त्याच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट आणि ओ-रिंगच्या जागेवर पाणी फवारा. आवाज बदलला, अडखळला किंवा सुधारला, तर गळती तिथेच. प्लगच्या टोपीवर पाणी उडवू नका. काही जण हीच परीक्षा पेट्रोल मारून करतात. गरम इंजिनावर पेट्रोल फवारणाऱ्याला मी गॅरेजात उभं करत नाही.

एअर फिल्टर कागदी असेल तर झटकून उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला. हवा मारून तो दोनदा वाचतो, तिसऱ्यांदा फाटतो. स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुवा, पिळू नका, दाबून सुकवा, आणि थोडं इंजिन ऑइल लावून परत दाबा. आमच्याकडे बागेच्या रस्त्यांची धूळ आणि फवारणीच्या पावडरी असतात, त्यामुळे पुस्तकातल्या निम्म्या किलोमीटरलाच फिल्टर भरतो. बंद फिल्टर म्हणजे कायमचा अर्धा चोक. तुमच्या गाडीचा प्लग गरम तपासणीतही काळा निघाला असेल, तर पहिला संशय इथे घ्या.

प्लगची फट गाडीच्या पुस्तकात असते, शंभर सीसीला बहुधा ०.६ ते ०.७ मिलिमीटर. प्लग जुना असेल तर घासत बसण्यापेक्षा नवा घाला.

आणि पीयूसीची चिठ्ठी फेकू नका. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या, पण बीएस-४ च्या आधीच्या चार-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम ही मर्यादा आहे. नुसतं पास झालं एवढंच बघू नका, आकडे वाचा. मोनॉक्साइड चढा असेल तर पेट्रोल जास्त. मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन चढा असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय: ठिणगी कमजोर, नाहीतर गाडी इतकी लीन की पेटच घेत नाही.

पाना लागणारी कामं

आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांडीतली फट. थंड इंजिनाला पहिली ऊब मिळते ती कॉम्प्रेशनमधून. दाबली गेलेली हवा तापते आणि तीच पेट्रोलची वाफ करते. टॅपेट टाइट असेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, दाब गळतो आणि ऊबही जाते. "टॅपेटचा आवाज येतोय, बारीक करा" असं गिऱ्हाईक सांगतं आणि मेकॅनिक शून्यावर आणतो. थोडी टकटक चालेल, टाइट टॅपेट नको. हे अंतर मिलिमीटरच्या शतांशांत असतं, इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावायचं. गेज नसेल तर हे काम सोडा.

त्यानंतर कार्बोरेटर. वाटी काढा, स्लो जेट काढा, उजेडाकडे धरा. भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि जुन्या पेट्रोलच्या चिकट्याने तेच आधी बुजतं. थंड गाडी चालू होते ती याच भोकाच्या जिवावर. साफ करायचं ते कार्बोरेटर क्लीनरने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने. फार तर वायरमधली तांब्याची एक तार घ्या. सुई किंवा टाचणी नको. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की जेट गेला. हवा मारायच्या आधी फ्लोट (वाटीतला तरंगता तुकडा) आणि रबरं काढून ठेवा. आणि हे सगळं चुलीपासून, विडीपासून लांब, उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते.

स्क्रू सगळ्यात शेवटी. फिरवण्याआधी हलक्या हाताने आत बसवत किती फेरे होतात ते मोजा आणि लिहून ठेवा. मी भिंतीवर खडूने लिहितो. आवळून बसवलात तर टोकाला चरा पडतो आणि मग तो कधीच नीट लागत नाही. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की पेट्रोल कमी. इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुधा तो मिक्श्चरचा, बाहेर काढला की पेट्रोल जास्त. निम्मे लोक इथेच उलटं करतात. सुरुवात दीड ते दोन फेऱ्यांवरून. इंजिन पूर्ण गरम, स्लो थोडा चढा, पाव-पाव फेरा फिरवत आवाज सगळ्यात वर जातो ती जागा पकडा, मग स्लो खाली आणा. इथेनॉलमुळे लीन झालेल्या गाडीला यातच थोडं रिचकडे सरकवता येतं. अर्ध्या फेऱ्याहून जास्त लागत असेल तर दोष स्क्रूत नाही, कुठेतरी हवा शिरतेय किंवा जेट बुजलाय.

वाफ वाढवायच्या जुगाडांबद्दल

पेट्रोलच्या नळीला चुंबक, साइलेन्सरला गुंडाळलेली तांब्याची नळी, पाण्याच्या बाटलीतून गॅस. दर वर्षी कोणीतरी घेऊन येतोच. चुंबकाने काही होत नाही. तांब्याच्या नळीने होतं, पण भलतंच: जेटच्या आधीच पेट्रोल उकळतं, नळीत वाफेचा अडसर होतो आणि एप्रिलच्या उन्हात गाडी भर रस्त्यात बंद पडते. नळी निसटली तर थेट लाल साइलेन्सरवर पेट्रोल. ऊब हवी ती जेटच्या पुढे, आधी नाही. काही जुन्या मोटारींच्या एअर क्लीनरला उन्हाळा-हिवाळा अशा दोन जागा असत, हिवाळ्यात एक्झॉस्टजवळची कोमट हवा ओढायला. ती कल्पना बरोबर होती. आपल्या गाडीत मात्र कार्बोरेटर आणि हेडमध्ये उष्णता अडवणारा जाड ठोकळा मुद्दाम बसवलेला असतो. वाफ चांगली व्हावी म्हणून तो काढून आणणारे महाभाग मी पाहिलेत.

इथे थांबा, मेकॅनिककडे न्या

इंजिन ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर गाडी चालूच करू नका. फ्लोटची सुई पेट्रोल अडवत नाही आणि ते रात्रभर इंजिनात उतरतंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. सुई-सीट बदलायची आणि ऑइलही. रात्री पेट्रोल कॉक बंद करायची सवय असेल तर हे बहुधा होत नाही.

वाटीतून पेट्रोल ठिबकून साइलेन्सरवर पडतंय, तर ढकलत न्या.

निळा धूर आणि तेलकट प्लग म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. किक हलकी लागते, पायाला विरोधच नाही, म्हणजे कॉम्प्रेशन गेलंय. दुपारीही त्रास देणाऱ्या गाड्या बहुतेक याच दोनांत निघतात, नाहीतर ठिणगीत, कॉइल आणि सीडीआय या ठिणगी घडवणाऱ्या भागांकडे. यात कार्बोरेटर कितीही धुतला तरी उपयोग नाही. फ्लोटची उंची, घासलेली स्लाईड, अडकून तुटलेला स्क्रू हीसुद्धा घरची कामं नाहीत. चारचाकीच्या कार्बोरेटरला तर धुरातले वायू मोजणाऱ्या गॅस मीटरशिवाय हात लावू नका.

मेकॅनिककडे नेताना स्क्रू मुळात किती फेऱ्यांवर होता तो आकडा सांगा. आणि गाडी आदल्या संध्याकाळीच सोडून या. सकाळी चालवत नेलीत तर तापलेलीच पोचते, पहिल्या किकला चालू होते आणि मेकॅनिक म्हणतो, "हिला काही झालेलं नाही."